वाचनालयाच्या ॲपचा नवा इंटरफेस : कामाच्या नोंदी

३ जून

आज जुनं ॲप आणि वेबसाइट दोन्ही नीट बसून बघितलं, प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढून भिंतीवर लावलाय. होम स्क्रीनवर एकाच मापाची, एकाच निळ्या रंगाची १४ बटणं आहेत. "नवीन आगमन", "कार्यकारिणी", "छायाचित्रं", "शोध", "सूचना", सगळी एकसारखी. वाचनालयात येणारा माणूस तीनच गोष्टींसाठी ॲप उघडतो. पुस्तक आहे का ते बघायचं, नसेल तर राखून ठेवायचं, आणि घरी आहे त्याची मुदत वाढवायची. या तीन गोष्टी त्या १४ मध्ये कुठेतरी आहेत, पण शोधाव्या लागतात.

मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी १९५२ मध्ये प्रयोग करून दाखवलं होतं की पर्याय वाढले की निवडायला लागणारा वेळही वाढतो, सरळ पटीत नाही, लॉगॅरिदमने (म्हणजे वाढीचा वेग कमी कमी होत), पण वाढतोच. आता यावरून लगेच "पर्याय कमी करा" असं सगळे म्हणतात, पण माझ्या मते खरी अडचण १४ हा आकडा नाहीये. सगळ्यांचं वजन सारखं आहे ही आहे. डोळ्याला कुठे थांबायचं ते कळतच नाही. व्हिज्युअल हायरार्की म्हणतात ती हीच, मोठं काय, गडद काय, वर काय, कशाभोवती मोकळी जागा आहे यावरून माणूस न वाचताच ठरवतो की आधी कुठे बघायचं.

ठरलं ते असं, वर शोधाची पूर्ण रुंदीची पट्टी, खाली लगेच "माझी पुस्तकं" आणि प्रत्येक पुस्तकापुढे परत करायची तारीख. बाकी सगळं खालच्या पट्टीत किंवा "आणखी" मध्ये. एका स्क्रीनवर एकच भरीव रंगाचं बटण, बाकीची नुसत्या कडेची किंवा साधा मजकूर.

५ जून

मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं मेन्यूत सातपेक्षा जास्त गोष्टी नकोत, माणसाच्या डोक्यात सातच मावतात. हे फार ठिकाणी ऐकायला मिळतं म्हणून इथे लिहून ठेवते. हा सात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातून आला, आणि तो लेख लक्षात ठेवण्याबद्दल आहे. मेन्यू समोर दिसत असतो, तो लक्षात ठेवावा लागत नाही, तिथे हा सातचा नियम लागू होत नाही. त्या लेखातून घ्यायचंच असेल तर हे घ्यावं की एका स्क्रीनवरची माहिती पुढच्या स्क्रीनवर आठवायला लावू नका. जुन्या ॲपमध्ये मुदत वाढवताना पुस्तकाचा दाखल क्रमांक टाइप करावा लागतो, जो मागच्या स्क्रीनवर आहे. लोक कागदावर लिहून घेतात! हा प्रकार आधी काढायचा.

१० जून

आजचा पूर्ण दिवस एका बटणावर गेला आणि तो योग्य गेला असं मला वाटतं.

बटण "राखून ठेवा". जुन्या ॲपमध्ये याच्यावर टॅप केलं की काहीच होत नाही. म्हणजे मागे सर्व्हरला रिक्वेस्ट जाते, पण स्क्रीनवर ढिम्म. नेट हळू असेल तर पाच-सहा सेकंद तसंच. माणूस काय करणार, परत दाबतो. मग दोन रिक्वेस्ट जातात, पहिली पास होते, दुसरीला सर्व्हर म्हणतो हे आधीच राखीव आहे, आणि स्क्रीनवर लाल अक्षरात येतं "हे पुस्तक आधीच राखून ठेवलेलं आहे". आता वाचकाला वाटतं दुसऱ्या कोणीतरी घेतलं, तो नाराज होऊन ॲप बंद करतो, आणि इकडे पुस्तक त्याच्याच नावावर कपाटात पडून राहतं. ग्रंथपाल मॅडम सांगत होत्या, राखीव पुस्तकं न्यायला लोक येतच नाहीत, आम्हाला वाटायचं लोक बेफिकीर आहेत. लोक बेफिकीर नव्हते, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी सांगितलेल्या प्रतिसादाच्या वेळेच्या तीन मर्यादा इथे सरळ कामाला येतात. ०.१ सेकंदाच्या आत प्रतिसाद आला तर माणसाला वाटतं की आपणच ते केलं. १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, थोडा उशीर झाला एवढं जाणवतं. १० सेकंदांपुढे लक्ष उडतं आणि माणूस दुसरं काहीतरी करायला लागतो. सर्व्हर ०.१ सेकंदात उत्तर देणार नाही हे मान्य, पण बटणाने तरी त्या वेळात आपण दाबले गेलो हे दाखवायलाच हवं, त्याला सर्व्हर लागत नाही.

म्हणून बटणाच्या सगळ्या अवस्था एकेक करून काढल्या. साधं असताना "राखून ठेवा". बोट टेकलं की रंग लगेच एक छटा गडद. बोट उचललं की मजकूर "राखून ठेवतोय…", बाजूला फिरणारं छोटं चक्र, आणि या काळात परत दाबलं तरी काही होणार नाही. बटणाची रुंदी मात्र तीच राहिली पाहिजे, मजकूर बदलल्यावर बटण लांब-आखूड झालं तर खालचं सगळं हलतं आणि बोट भलतीकडे पडतं. यश आलं की बटणाच्या जागी "राखून ठेवलं. रांगेत तुम्ही तिसरे" आणि खाली छोट्या अक्षरात काढून टाकायची सोय. नेट गेलं तर "नेट मिळालं नाही, पुस्तक अजून राखलेलं नाही" आणि "पुन्हा प्रयत्न करा". यातलं "अजून राखलेलं नाही" हे मी आग्रहाने ठेवायला लावलंय, कारण एररमध्ये काय बिघडलं एवढंच सांगून भागत नाही, आपलं काम झालं की राहिलं हे कळायला हवं.

सर्व्हरच्या बाजूलाही त्याच वाचकाची तीच रिक्वेस्ट दुसऱ्यांदा आली तर एरर द्यायची नाही, "तुमच्या नावावर राखीव आहे" एवढंच सांगायचं, हे बॅकएंडवाल्यांनी मान्य केलं.

१४ जून

मापं आणि अंतरं.

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांचा नियम, १९५४. लक्ष्य जितकं लहान आणि जितकं लांब, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. ऐकायला उघड गोष्ट वाटते, पण जुन्या स्क्रीनवर मुदत वाढवायचा आयकॉन आणि पुस्तक यादीतून काढायचा आयकॉन शेजारी शेजारी, दोन्ही २० पिक्सेलचे, मध्ये ४ पिक्सेल जागा. बोटाचं टोक त्या दोन्हींवर एकदम बसतं.

वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीत, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये (ऑक्टोबर २०२३ ची), टॅप करायच्या गोष्टीसाठी कमीत कमी २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत, तेही एए या मधल्या पातळीला. ॲपल ४४ पॉइंट सांगतं, गुगल अँड्रॉइडसाठी ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही त्या त्या फोनवरची मापाची एककं). आम्ही सगळीकडे ४८ धरतोय. आयकॉन दिसायला २४ चाच ठेवला तरी चालतो, त्याच्याभोवतीची न दिसणारी टॅपची जागा ४८ ची पाहिजे, हे डेव्हलपर मंडळींना वेगळं सांगावं लागतं कारण डिझाइनच्या फाइलमध्ये ते दिसत नाही.

आणि काढून टाकायचा आयकॉन यादीतून हलवला, पुस्तकाच्या आतल्या पानावर नेला. नेहमी लागणारी गोष्ट अंगठ्याजवळ, क्वचित लागणारी आणि नुकसान करणारी लांब. स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये १३३३ लोक फोन कसा धरतात ते बघून नोंदवलं होतं, त्यातल्या स्क्रीनवर बोट चालवणाऱ्यांपैकी ४९ टक्के एका हाताने वापरत होते. आता फोन अजून मोठे झालेत, वरच्या कोपऱ्यात अंगठा पोचतच नाही. म्हणून मुख्य बटण खाली.

१८ जून

रंग. आज वाद झाला पण चांगला झाला.

लेखकाचं नाव आणि प्रकाशन वर्ष पांढऱ्यावर फिक्या राखाडीत होतं, रंगाचा कोड #९९९९९९. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक, २.८५ ला १ येतो. साध्या मजकुराला डब्ल्यूसीएजीप्रमाणे कमीत कमी ४.५ ला १ पाहिजे, मोठ्या अक्षरांना ३ ला १. फिका रंग "नाजूक दिसतो" असं म्हणणं होतं. मी फोन घेऊन सगळ्यांना उन्हात घेऊन गेले, ब्राइटनेस अर्धा केला आणि म्हटलं वाचा. कोणालाच वाचता येईना. #७६७६७६ पासून पुढे गडद घेतलं तर पांढऱ्यावर नियमात बसतं (तो ४.५४ येतो), आम्ही त्याहून बराच गडद घेतला. दुय्यम मजकूर दुय्यम दिसायला आकार आणि वजन कमी करता येतं, त्यासाठी तो पुसट करायची गरज नसते.

दुसरं, पुस्तक उपलब्ध असेल तर हिरवा ठिपका, नसेल तर लाल. नुसता ठिपका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष साधारण बारात एक असतात असं धरतात, त्यांना दोन्ही ठिपके मातकट दिसतात. ठिपका राहू दे, शेजारी शब्द लिहा, "कपाटात आहे", "बाहेर गेलंय". रंगावर एकट्यावर कुठलाच अर्थ टांगायचा नाही.

डार्क थीम नंतर. घाईत रंग नुसते उलटे करून ती होत नाही.

२१ जून

देवनागरीचा दिवस. हे मला सगळ्यात जवळचं काम आहे, कारण मराठी इंटरफेस बहुतेक वेळा इंग्रजी डिझाइनमध्ये नंतर मजकूर ओतून तयार होतात, आणि ते दिसतंच.

जुन्या ॲपमध्ये ओळीची उंची अक्षराच्या १.२ पट. इंग्रजीला चालून जातं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षराचं दुसरं अक्षर. "मूर्तींची" हा एक शब्द टाकून बघा, वर रफार, वेलांटी, अनुस्वार तिन्ही एकावर एक आणि खाली दीर्घ उकार. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वारावर आदळतो. १.६ केलं, लांब परिच्छेदांना १.७. ठरलेल्या उंचीची बटणं तर उकार कापूनच टाकत होती, "पुढे" चं "पढे" दिसत होतं. आता बटणाची उंची ठरवायचीच नाही, आतली जागा ठरवायची आणि मजकुराप्रमाणे उंची होऊ द्यायची.

शीर्षकांना लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये जादा अंतर, दिलं होतं. इंग्रजी कॅपिटलमध्ये ते छान दिसतं, इथे शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे तुकडे दिसतात. सगळीकडे शून्य केलं. इटॅलिकही काढलं, पुस्तकाचं नाव वेगळं दाखवायला थोडं ठळक करतोय. पण १४ पिक्सेलच्या खाली ठळक केलं की "ध", "भ", "क्ष" ची आतली पोकळी भरून काळा गोळा होतो, म्हणून लहान अक्षरात ठळक नाही. मूळ मजकूर १६ वरून १७ पिक्सेल केला, एकाच मापात देवनागरी रोमनपेक्षा बारीक दिसते.

आणि शोध. लोक "मुर्ती" टाइप करतात, कॅटलॉगमध्ये "मूर्ती" आहे, निकाल शून्य. वाचकाला ऱ्हस्व-दीर्घाची परीक्षा द्यायला लावणारा शोध नको. शोधताना दोन्ही बाजूंचे इकार-उकार एकसारखे धरायचे आणि तंतोतंत जुळणारं वर दाखवायचं असं ठरलं. याहून छुपी अडचण म्हणजे एकच अक्षर दोन तऱ्हेने साठवलेलं असतं. "ऱ" एका कोडने पण येतो आणि "र" अधिक नुक्ता (खालचं टिंब) असा पण येतो. "ॲ" चं तर एक स्वतंत्र कोड आहे आणि दुसरं म्हणजे "अ" आणि त्याला वेगळा जोडलेला चंद्र. डोळ्याला तेच दिसतं, कॉम्प्युटरला वेगळं. पहिलं युनिकोड नॉर्मलायझेशनने (अशी दोन रूपं एकसारखी करण्याच्या ठरलेल्या पद्धतीने) सुटतं, दुसरं त्याने सुटत नाही, त्याला हाताने नियम लिहावा लागतो. "ॲ" ने सुरू होणारी पुस्तकं काही फोनवरून सापडतात आणि काहींवरून नाही हे कोडं ग्रंथपाल मॅडमना किती काळ पडलं होतं, त्याचं उत्तर हे.

२५ जून

सभासद फॉर्म. प्रत्येक चौकटीचं नाव चौकटीच्या आतच फिकट अक्षरात, टाइप करायला लागलं की गायब. मध्येच फोन वाजला, परत आलं, तर कुठल्या चौकटीत काय भरलं होतं कळत नाही. लेबलं चौकटीच्या वर आणली, कायमची.

तपासणी कधी करायची यावर बराच वेळ गेला. पहिलं अक्षर टाइप केल्या केल्या लाल "ईमेल चुकीचा आहे" दाखवणं म्हणजे माणूस बोलायला लागायच्या आधीच त्याला टोकणं. चौकट सोडली की तपासा, आणि एकदा एरर दाखवली की मग दुरुस्त करताना अक्षरागणिक तपासा म्हणजे बरोबर झालं की लाल लगेच जाईल. एररचा मजकूर "अवैध इनपुट" होता, तो "मोबाइल नंबर १० आकडी हवा, इथे ९ आकडे आहेत" असा केला. नंबरमध्ये कोणी मोकळी जागा सोडली किंवा देवनागरी आकडे टाकले तर ते आपण बदलून घ्यायचे, माणसाला सांगत बसायचं नाही. फॉर्म नापास झाला म्हणून भरलेलं पुसायचं नाही, हे तर लिहायचीही गरज पडू नये, पण जुना फॉर्म पुसत होता.

दोन बारीक गोष्टी: मोबाइल नंबरला आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे, आणि आयफोनच्या सफारीत चौकटीतला मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर पान आपोआप झूम होतं, म्हणून १६ च्या खाली नाही.

२८ जून

आयकॉन. तीन आडव्या रेघांचा मेन्यू १९८१ च्या झेरॉक्स स्टार या कॉम्प्युटरवर नॉर्म कॉक्स यांनी काढलेला, म्हणजे जुनाजाणता आहे, तरी त्याच्या आत टाकलेली गोष्ट लोकांच्या नजरेआड जाते. खाली चार जागांची पट्टी केली, प्रत्येक आयकॉनखाली शब्द. भिंग सोडलं तर बिनशब्दाचा आयकॉन कुठेच ठेवलेला नाही.

२ जुलै

कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर. डोळे मिटून टॉकबॅकवर (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवतो) ॲप चालवलं. पुस्तकांची यादी अशी ऐकू आली, "बटण. बटण. बटण. नाव नसलेलं चित्र. बटण." एवढं ऐकल्यावर टीममध्ये कोणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. आता प्रत्येक बटणाचं नाव पुस्तकासकट, "मुदत वाढवा" आणि पुढे त्या पुस्तकाचं नाव. राखून ठेवल्याचा संदेशही वाचून दाखवला गेला पाहिजे, नाहीतर १० तारखेला केलेलं सगळं फक्त बघणाऱ्यांसाठी झालं.

वेबसाइटवर कोणीतरी सीएसएसमध्ये (पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडमध्ये) फोकसची कड, म्हणजे कीबोर्डने आपण ज्या बटणावर आहोत त्याभोवतीची रेघ, काढून टाकली होती, दिसायला बरी दिसत नाही म्हणून. माउस न वापरणाऱ्याला मग आपण पानावर कुठे आहोत तेच कळत नाही. परत आणली, जाड, दोन पिक्सेलची. फक्त कीबोर्डने फिरतानाच दिसेल अशी सोय सीएसएसमध्ये आहे, ती वापरली.

६ जुलै

वाचकांना बोलावून टेस्टिंग. नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितावरून "पाच जणांत ८५ टक्के अडचणी सापडतात" हे वाक्य सगळीकडे फिरतं. त्यात एक अडचण एका माणसाला दिसायची शक्यता सरासरी ३१ टक्के धरलेली आहे, दुर्मिळ अडचणींना ते लागू नाही. थोड्या लोकांवर पुन्हा पुन्हा करायचं, मध्ये दुरुस्ती करायची, एवढा त्यातला बोध मला पुरेसा वाटतो.

काम देताना "राखून ठेवायचं बटण दाबा" असं म्हणायचं नाही. "तुम्हाला हे पुस्तक हवंय पण ते बाहेर गेलंय, काय कराल" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं अवघड जातं, डेव्हलपर मंडळींना तर फारच.

शोधाच्या निकालावर "कथा", "चरित्र", "बालसाहित्य" असे फिल्टर आहेत. सपाट, बिनकडेचे, फिक्या रंगाचे. एकानेही त्यांना हात लावला नाही, विचारल्यावर एक काकू म्हणाल्या, "अगं ते मथळे आहेत ना?" डिझाइनवर लिहिणाऱ्या डॉन नॉर्मन यांच्या भाषेत सिग्निफायर नव्हता, म्हणजे गोष्ट दाबता येत होती पण दाबता येते असं ती सांगत नव्हती. गोल कड दिली, निवडलेल्यावर बरोबरची खूण टाकली, दुपारच्या फेरीत लोक आपोआप दाबायला लागले.

एका आजोबांच्या फोनवर अक्षरं सगळ्यात मोठी केलेली होती. खालच्या पट्टीतले शब्द एकमेकांवर चढले. मजकूर २०० टक्के मोठा केला तरी सगळं वापरता आलं पाहिजे असा नियमच आहे, तो आमच्या तपासणी यादीत होता पण प्रत्यक्ष फोनवर बघितला तेव्हा पट्टीची पूर्ण रचना बदलायची ठरली.

१० जुलै

आरक्षण काढून टाकताना जुनी खिडकी यायची, "आरक्षण रद्द करायचं आहे का?" आणि खाली दोन बटणं, "रद्द करा" आणि "ठीक आहे". आता यातलं कुठलं दाबायचं? "रद्द करा" म्हणजे आरक्षण रद्द की ही खिडकी रद्द? टेस्टिंगला आलेला कॉलेजचा मुलगा बोट हवेत धरून थांबला होता. बटणावर काम लिहावं, "आरक्षण काढा" आणि "राहू दे".

पण मुळात ही खिडकीच नको होती. दरवेळी "नक्की ना?" विचारलं की माणूस न वाचता होय म्हणायला शिकतो, आणि ज्या दिवशी खरंच थांबायला हवं त्या दिवशीही होयच म्हणतो. त्यापेक्षा लगेच काढा आणि "परत घ्या" द्या. अडचण एवढीच की रांगेतला नंबर मागच्याला गेला तर परत कसा घ्यायचा. बॅकएंडशी बोलून थोडा वेळ नंबर धरून ठेवायचं ठरलं, आणि "परत घ्या" खाली थोडा वेळ दिसून जाणाऱ्या पट्टीत न ठेवता यादीतच त्या पुस्तकापुढे ठेवलं, कारण हळू वाचणाऱ्याच्या हातून ती पट्टी निसटते.

सूचनांच्या परवानगीवरही बोलणं झालं. कार्यकारिणीचं म्हणणं, सगळ्या सूचना आधीच चालू ठेवा आणि बंद करायचं आत कुठेतरी द्या. हॅरी ब्रिग्नल यांनी २०१० मध्ये अशा युक्त्यांना डार्क पॅटर्न नाव दिलं. मी स्पष्ट नाही म्हटलं. मुदतीची आठवण वाचकाच्या कामाची आहे, ती पहिलं पुस्तक नेताना विचारू, कारण तेव्हा ती का हवी ते त्यालाही कळतं. कार्यक्रमांच्या जाहिराती वेगळ्या, आधी बंद. शेवटी पटलं.

१४ जुलै

रिकाम्या स्क्रीन राहिल्या होत्या. शोधात काही सापडलं नाही तर आता "वेगळं स्पेलिंग बघा" न म्हणता जवळची नावं दाखवतो आणि "हे पुस्तक मागवा" देतो. नव्या सभासदाची "माझी पुस्तकं" रिकामी असते, तिथे शोधाकडे नेणारं बटण.

अंतरं सगळी ८ च्या पटीत आणली, रंग आणि मापांना नावं देऊन एका ठिकाणी ठेवली, म्हणजे डार्क थीम करताना शोधत फिरायला नको.

शेवटचा मुद्दा मुदतीच्या तारखेचा. "उद्या परत करा" लिहायचं की "१५ जुलै"? "उद्या" लगेच समजतं, पण सूचना रात्री आली आणि सकाळी वाचली तर चुकीचं होतं. सूचनेत फक्त तारीख आणि वार, ॲप उघडल्यावर दोन्ही. ग्रंथपाल मॅडमनी अजून एक भर घातली, त्या दिवशी वाचनालय बंद असेल तर पुढचा उघडा दिवस दाखवा. ते कॅलेंडर त्यांच्याकडे वहीत आहे, उद्या बसून भरून घ्यायचंय.